लाल मातीची वाट

मुंबईत राहणाऱ्या माणसाला "तुम्ही कोठले?" असे विचारले की तो गिरगाव, दादर, परळ असे काहीतरी सांगतो आणि ऐकणाऱ्याचे समाधान होते. मी मात्र "घोडपदेवचा" असे सांगितले की पुष्कळांच्या कपाळावर आठी उमटते. मग भायखळा आणि कॉटन ग्रीन यांच्या मध्ये, रे रोडच्या अलीकडे, असा सारा पत्ता सांगावा लागतो. येथे एक खडक देव म्हणून पुजला जातो आणि त्या देवाच्याच नावाने सारी वस्ती ओळखली जाते. एके काळी सभोवार कापडगिरण्या होत्या, पूर्वेला बंदर आणि गोद्या होत्या आणि या दोहोंना माणसे पुरवणाऱ्या चाळी होत्या. माझे वडील गोदीत कामाला होते. माझ्या मित्राचे वडील गिरणीच्या साचेखात्यात. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि ती इतकी पातळ होती की, त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागे.

या मित्राचे नाव मी येथे लिहीत नाही. आपले नाव छापून आलेले त्याला मुळीच रुचणार नाही. "मी असे काय मोठे केले?" असे तो विचारील आणि त्याला पटेल असे उत्तर मला देता येणार नाही.

आम्ही सहावीत होतो. भूगोलाच्या तासाला गुरुजींनी भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगला आणि थंड हवेची ठिकाणे दाखवली. महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळे आणि माथेरान. त्या नकाशावर माथेरान मुंबईच्या इतके जवळ होते की, बोटाच्या एका पेराखाली दोन्ही झाकली जात. माझा मित्र उभा राहून म्हणाला, "गुरुजी, नुसती हवा खायला माणसे एवढ्या वर चढून जातात?" सारा वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्यांना खाली पुरेशी हवा मिळत नाही, ते जातात." शाळा सुटल्यावर घरी येताना मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तर मग आपणच जायला हवे. बाबांच्या खात्यात खिडक्यासुद्धा बंद ठेवतात. कोरडा वारा आत आला की धागा तुटतो." त्याच दिवशी आम्ही ठरवले की, आपली पहिली कमाई हाती आली की दोघांनी मिळून माथेरानला जायचे.

पहिली कमाई यथाकाल झाली. परंतु तिला घरात आधीच दहा वाटा फुटलेल्या होत्या. मी शिक्षक झालो. मित्र १९७९ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. बदली म्हणजे ज्या दिवशी कायमचा कामगार गैरहजर असेल, त्या दिवशीच काम. रोज पहाटे भोंगा झाला की दाराशी जाऊन उभे राहायचे आणि काम मिळाले नाही तर मान खाली घालून परतायचे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा तो प्रसिद्ध संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार कामावरून बाहेर पडले. त्यांतील कितीतरी जण पुन्हा कधी गिरणीच्या दारातून आत गेले नाहीत. माझा मित्र त्यांपैकीच एक. पोटाची खळगी मात्र संपावर जात नाही. तो जवळच्या दारूखान्यात लोखंडाच्या बाजारात गेला आणि हातगाडी ओढू लागला. सळया, पत्रे, जुन्या जहाजांचे तुकडे असा माल त्याने वीस वर्षे ओढला. त्याची मुले शिकून मिळवती झाली, तेव्हाच ती गाडी सुटली. तिने जाताना त्याचे गुडघे मात्र आपल्याबरोबर नेले.

या साऱ्या धांदलीत माथेरान नकाशावरच राहून गेले. अखेर २०२२ सालच्या नोव्हेंबरात योग आला. एका पहाटे आम्ही उभयता घोडपदेवहून सावकाश चालत भायखळ्याच्या स्थानकावर गेलो. मित्राच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि तिच्यात भाकरी, लसणाची चटणी, चार कांदे आणि रव्याचे लाडू होते. "अरे, तेथे खाण्यापिण्याची सारी सोय आहे," असे मी म्हणताच तो म्हणाला, "असेल. पण भूक काही सोय पाहून लागत नाही." लहानपणच्या गोष्टींतील तहानलाडू-भूकलाडू साठी उलटल्यावर असे प्रत्यक्ष प्रवासाला निघाले होते!

कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. भायखळ्यावरून जाणारा हा लोहमार्ग आपल्या देशातील फार जुना मार्ग आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी गेली, ती याच बाजूने. माथेरानची कीर्ती याहूनही थोडी आधीची. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे मे १८५० मध्ये या डोंगरावर चढून गेले आणि तेथली झाडी व गारवा पाहून प्रसन्न झाले. त्यानंतर तेथे बंगले उठले, वाटा झाल्या, वस्ती वाढली. मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला, असे पुस्तकांत लिहिलेले असते. हे मी मित्राला सांगितले तेव्हा त्याने विचारले, "त्याआधी वर कोणीच नव्हते का?" होते तर! धनगर, ठाकूर, कातकरी यांचा या डोंगरांत पूर्वीपासून वावर होता. "मग शोध कसला? ओळख झाली म्हण," असे म्हणून त्याने लाडू पुढे केला.

नेरळला आम्ही उतरलो आणि माथेरानच्या छोट्या गाडीत बसलो. २०१९ सालच्या पावसात या गाडीचा मार्ग जागोजागी वाहून गेला होता. तीन वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे आम्ही जाण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ती नेरळहून पुन्हा धावू लागली होती. धावू लागली असे आपण म्हणावयाचे, एवढेच. वस्तुतः ही गाडी धावत नाही; ती चढते. दोन रुळांमधील अंतर केवळ दोन फूट. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी १९०१ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला आणि त्यासाठी त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला. त्या काळात सोळा लाख रुपये खर्च आला. सुमारे एकवीस किलोमीटरच्या या मार्गावर चढ इतका तीव्र आहे की, काही ठिकाणी वीस हात पुढे गेले की गाडी एक हात वर आलेली असते. म्हणून ती सरळ जातच नाही. डोंगराला वळसे घालीत, कधी आपलेच शेपूट पाहत, ती हळूहळू माथा गाठते. जुम्मापट्टी मागे पडली, वॉटर पाइप गेले, वाटेतला एकुलता एक बोगदा क्षणभर अंधार करून सरला. उजवीकडची दरी डावीकडे आली आणि डावीकडची उजवीकडे. मोठी मौज वाटली.

माझा मित्र मात्र दरीकडे फारसे पाहत नव्हता. त्याचे लक्ष रुळाशेजारी होते. एका वळणावर घमेली आणि पहारी घेतलेली पाचसहा माणसे गाडीला वाट देऊन कठड्याला टेकून उभी होती. पावसाने खचलेली कड ती दगडांनी बांधून काढीत होती. मित्राने खिडकीतून हात हलवला. त्यांतील एकाने घमेल्यासकट हात वर केला. "पीरभॉयसाहेबांनी हा मार्ग एकदा बांधला," मित्र म्हणाला, "आणि ही माणसे तो दर पावसाळ्यानंतर बांधतात."

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान, असा या नावाचा अर्थ सांगतात. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरच्या या सपाट माथ्यावर अंजनी, जांभूळ, हिरडा अशा झाडांची गर्द छाया आहे. गाडीतून उतरल्यावर पहिल्याप्रथम डोळ्यांत भरते ती तेथली माती. कुंकवाचा करंडा सांडावा अशा तांबड्या वाटा झाडीतून जातात. बाजारातून एकदा फेरी मारून आलो तो आमची पावले, धोतराची कड, विजारीचे पाय सारे लाल झाले. मी शिक्षकाच्या सवयीने सांगू लागलो: "हा जांभा दगड. वर्षानुवर्षांच्या पावसाने मूळ खडकातली बाकीची द्रव्ये धुऊन नेली आणि लोखंडाचा अंश मागे राहिला. हवापाण्याने तो गंजला, म्हणून हा रंग." मित्र वाकला, त्याने चिमूटभर माती उचलून बोटांवर चोळली आणि हसत म्हणाला, "म्हणजे दारूखान्यातले लोखंड माझ्या आधी येथे येऊन बसले आहे!"

माथेरानमध्ये मोटारी येत नाहीत. त्या अलीकडेच, दस्तुरीच्या नाक्यावर थांबतात. २००३ साली केंद्र सरकारने या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले, त्यामुळे तर ही बंदी अधिकच पक्की झाली. मुंबईच्या माणसाला या शांततेची किंमत सांगायला नको. पहिल्या रात्री मला कितीतरी वेळ झोप लागली नाही. कारण कसलाच आवाज येत नव्हता. पहाटे मात्र जाग आली ती पावलांच्या आवाजाने. बाहेर येऊन पाहतो तो मित्र आधीच पायरीवर बसलेला. समोरच्या वाटेने माणसे आणि घोडे चालले होते. कोणाच्या डोक्यावर भाजीची टोपली, कोणाच्या पाठीवर पिठाचे पोते, घोड्यांच्या दोन्ही बाजूंना स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या. पाहुण्यांच्या पेट्या एकावर एक रचून एक हमाल दस्तुरीकडून येत होता. त्याची मान ताठ होती आणि पाय अंदाज घेत टाकलेले होते.

"पाहिलेस?" मित्र म्हणाला. "मोटार थांबली म्हणून ओझे थांबत नाही. ते उतरते आणि दुसऱ्या पाठीवर चढते."

मी काही उत्तर दिले नाही. आपण पाठ्यपुस्तकातून गिरिस्थानांची उंची शिकवतो, पाऊस शिकवतो, प्रेक्षणीय स्थळे शिकवतो. तेथला चहा ज्या दुधाचा होतो ते दूध वर कसे येते, हा प्रश्न कोणत्याही स्वाध्यायात मी पाहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पश्चिमेकडच्या पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्त पाहण्यास गेलो. वाट लांब होती. परंतु काठी टेकीत, गप्पा मारीत आम्ही ती सहज काढली. समोर प्रबळगडाचा कातळ काळाभोर होत गेला. सूर्य कलला, पाहतापाहता बुडाला आणि जमलेले लोक लगबगीने परतू लागले. आम्ही मात्र थांबलो. काही वेळाने खाली कोकणपट्टीत एक दिवा लागला, मग दहा, मग असंख्य. दूर क्षितिजाजवळ मुंबईच्या बाजूला दिव्यांची एक लांबच लांब पट्टी उमटली. त्या पट्टीत कोठेतरी आमचे घोडपदेवही असणार!

"हे सारे दिवे आणि आपले डोंगर यांचे नाते फार जुने आहे," मी म्हणालो. लोणावळ्याच्या परिसरात घाटमाथ्यावर पावसाचे पाणी तलावांत साठवून ते नळांतून खाली सोडायचे आणि त्यावर वीज निर्माण करायची, असा उपक्रम टाटांनी हाती घेतला आणि १९१५ सालापासून खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाने परळ-लालबागचे साचे चालत. १९४२ च्या चळवळीत याच विजेच्या तारा वाहून नेणारे मनोरे पाडून परकी सत्तेचे कारखाने बंद पाडण्याचे धाडस ज्यांनी केले, त्या आझाद दस्त्याचे नेते भाई कोतवाल हे या माथेरानचेच. १ डिसेंबर १९१२ रोजी येथल्या एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते कष्टाने शिकून वकील झाले. परंतु वकिलीत रमले नाहीत. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या आणि पुढे ते भूमिगत झाले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते आणि त्यांचे साथी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. कोतवाल तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

मित्र कितीतरी वेळ त्या दिव्यांकडे पाहत राहिला. "म्हणजे बाबांच्या साच्याला लागणारी वीज या डोंगरांतून येत होती," तो म्हणाला, "आणि मला वाटे, माथेरानला नि आपल्याला एकमेकांची ओळखच नाही."

आम्ही परत निघालो तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. शंभरेक पावले गेलो असू नसू, तोच मित्र थांबला. त्याचा उजवा गुडघा सुजला होता. तो वाटेकडेच्या एका दगडावर बसला. घोडेवाले केव्हाच निघून गेले होते. आता काय करावे, या विचारात मी होतो, तेवढ्यात वळणावरून चाकांची खडखड ऐकू आली. ती एक रिकामी हातरिक्षा होती. अशा रिक्षा माथेरानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या. आत एक माणूस बसतो, एक जण पुढून ओढतो आणि दोघे मागून लावतात.

पुढचा माणूस पन्नाशीचा असेल. मित्राकडे पाहून तो म्हणाला, "काका, बसा. बाजारापर्यंत सोडतो."

"नको, भाऊ. मी येईन सावकाश."

"तुमचा पाय दुखतोय. दिसतंय की मला."

मित्राने मान हलवली. "माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसत नाही."

हे ऐकून रिक्षावाला गप्प झाला. मी त्याला सांगितले की, यांनी स्वतः वीस वर्षे मुंबईत हातगाडी ओढली आहे. तेव्हा त्याने रिक्षाचे दांडे खाली टेकवले आणि तो मित्राच्या शेजारी येऊन दगडावर बसला.

"काय माल असायचा?"

"लोखंड. सळया, पत्रे."

"किती जण?"

"चौघे. चढ आला तर सहा."

"उतार जास्त वाईट," रिक्षावाला म्हणाला.

"हो," मित्र म्हणाला, "उतारच जास्त वाईट."

त्या दोघांचे बोलणे असे चालले होते की, मी तेथे नसतो तरी चालले असते. थोड्या वेळाने मित्राने खिशातून पैसे काढले. "रिकामी गाडी कशाला नेतोस? हे पुरे भाडे घे. मी मागचा दांडा धरून चालतो. तेवढा आधार मला बस्स आहे."

रिक्षावाल्याने हात मागे घेतला. "न बसता भाडं कसं घेऊ, काका? ती भीक होईल." मग क्षणभर थांबून तो म्हणाला, "तुमच्या बाजारात एखाद्या व्यापाऱ्यानं म्हटलं असतं, मला तुमची दया येते, म्हणून आज माल देत नाही. तर तुम्हांला काय वाटलं असतं?"

रातकिड्यांची किरकिर सोडली तर दुसरा आवाज नव्हता. मित्राने बऱ्याच वेळाने उत्तर दिले. "त्या रात्री घरात चूल पेटली नसती."

"मग बसा," तो माणूस म्हणाला आणि त्याने दांडे उचलले.

माझा मित्र रिक्षात बसला. मी शेजारून चालू लागलो. वाट आधी सपाट होती, पुढे चढण लागली. चढण लागताच मित्र एकदम पुढे झुकला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मान वाकवून बसला. मला वाटले, त्याला कळ आली. "काय झाले?" असे मी विचारले. तो म्हणाला, "काही नाही. चढावर ओझे मागे सरकते आणि पुढचे दांडे वर उचलले जातात. मी पुढे झुकलो की वजन चाकांवर येते." उतार लागताच तो मागे रेलला. वळण आले की त्या बाजूला कलला. वीस वर्षे ज्याने ओझे ओढले, त्याला ओझ्याने कसे वागावे हेही ठाऊक होते. पुढून रिक्षावाला हसून म्हणाला, "काका, असं शहाणं ओझं रोज मिळायला पाहिजे!" मागचे दोघे तरुणही हसू लागले आणि त्या हसण्यात चढण केव्हा सरली ते कळले नाही.

बाजाराच्या दिव्यांत आल्यावर मित्राने ठरले तेवढेच भाडे दिले. एक पैसा कमी नाही, एक पैसा अधिक नाही. मग पिशवीतले उरलेले लाडू काढले आणि आम्ही पाचही जणांनी ते तेथेच उभ्याउभ्या खाल्ले. मित्राने रिक्षावाल्याला विचारले, "मुलगाही हेच करतो का?"

"त्यानं हे करू नये असं वाटतं," तो म्हणाला, "आणि हे काम जाऊ नये असंही वाटतं. दोन्ही एकदम कसं जमायचं, काका?"

त्या प्रश्नाला मित्राने तेथे उत्तर दिले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर, मी झोपलो असे समजून, तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "जमायला हवे. गाडी बदलायची आणि माणूस तोच ठेवायचा. आमच्या वेळी नेमके उलटे झाले. गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. माणसांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही."

मुलांनो, त्यानंतर मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. कष्टणाऱ्या माणसाकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक म्हणजे त्याची सवय होऊ देणे. मग त्याच्या कपाळावरचा घाम आपल्याला दिसेनासा होतो. दुसरी म्हणजे नुसती दया करणे. मग घाम दिसतो, पण त्या माणसाची ताठ मान दिसत नाही. या दोन्ही रीतींत आपल्याला काही करावे लागत नाही, म्हणून त्या सोप्या. कठीण रीत तिसरी आहे. त्याचे काम, त्याची भाकरी आणि त्याचा मान ही तिन्ही राखून त्याच्या खांद्यावरचे ओझे कसे उतरवता येईल, याचा शोध घेणे. तो शोध घेण्यास बुद्धी लागते, पैसा लागतो आणि चिकाटीही लागते.

आम्ही माथेरानहून परतलो आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथे विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. त्यावर वाद झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे चालत राहिले. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने आदेश दिला की, माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. ती सहा महिन्यांच्या आत बंद करावी. त्याबरोबरच न्यायालयाने असेही सांगितले की, आजवर हातरिक्षा ओढणाऱ्या खऱ्या रिक्षाचालकांनाच शासनाने विजेवरच्या रिक्षा भाड्याने मिळतील अशी योजना करावी आणि पैसा नाही ही सबब सांगू नये.

त्या दिवशी संध्याकाळी मित्र वर्तमानपत्राची वाट न पाहताच माझ्याकडे आला. दूरचित्रवाणीवर त्याने बातमी ऐकली होती. मी त्याला आदेशातील तो दुसरा भाग दोनदा समजावून सांगितला. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "गाडी बदलायची आणि माणूस तोच. त्या रिक्षावाल्याने विचारले होते, त्याचे उत्तर कोणीतरी लिहून दिले म्हणायचे. आता ते खरे करून दाखवणे उरले."

"पुन्हा जाऊ या का माथेरानला?" मी विचारले.

"जाऊ या," तो म्हणाला. "तोच माणूस विजेची रिक्षा घेऊन भेटला, तर या वेळी वाद न घालता बसेन." आणि जरा थांबून, डोळे मिचकावून त्याने पुढे सांगितले, "चढणीवर मात्र पुढे झुकणार. सवय आहे ती, जायची नाही."